आत्याच्या पेशींतलं पाणी

नांदेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आमचं सुरुवातीचं जे प्रात्यक्षिक झालं, त्यात बटाट्याच्या सारख्या लांबीच्या फोडी कापायच्या होत्या. काही साध्या पाण्यात टाकायच्या, काही मिठाच्या घट्ट पाण्यात, आणि तासाभरानं काढून बघायच्या. साध्या पाण्यातली फोड ताठ झाली, वाकवली तर कट्कन मोडली. मिठातली फोड रबरासारखी लुळी पडली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, बोटांनी दाबून पाहिलं. मग मॅडमनी मला विचारलं, "पाणी कुठून कुठे गेलं?" आणि मी हातातली लुळी फोड उलटसुलट करत राहिले.

उत्तर मला अगदीच येत नव्हतं असं नाही. दोन उत्तरं येत होती आणि ती एकमेकांच्या उलटी वाटत होती. हिमायतनगरच्या शाळेत मी मराठीतून शिकले. विसरण मला तिथंच कळलं होतं. विहारात पुढं अगरबत्ती लावली की वास हळूहळू दारापर्यंत येतो, म्हणजे जिथं जास्त आहे तिथून जिथं कमी आहे तिकडे पसरतो. पण परासरणात, म्हणजे बटाट्यात झालं तसं बारीक पडद्यातून पाणी जातं तेव्हा, पाणी मिठाकडे जातं. मिठाकडे बघितलं तर ते कमीकडून जास्तीकडे जातं. पाण्याकडे बघितलं तर जास्तीकडून कमीकडे. नेमकं कशाकडे बघायचं हे ठरेपर्यंत मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या होत्या.

हे सगळं परीक्षेपुरतं राहिलं असतं तर मी पाठ करून मोकळी झाले असते. पण त्याच महिन्यात आत्याचे पाय सुजले.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. नांदेडला एका गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. बारावीनंतर माझं पुढं काय करायचं हे घरात ठरत नव्हतं, तेव्हा तिनंच बाबांना फोन करून सांगितलं होतं, "पोरीला मपल्याकडं पाठवून दे. शिकल ती." आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे मोबाइल हँग झाला, गोळीच्या पाकिटावर काही लिहिलेलं दिसलं, पंखा आवाज करायला लागला, की सगळे माझ्याकडे बघतात. मी सायन्सला आहे, म्हणजे मला माहीत असणार.

आत्याच्या किडन्या जवळजवळ बंद पडल्या आहेत, असं दवाखान्यात सांगितलं. रक्तातली घाण आणि अंगातलं जास्तीचं पाणी आता मशीननं काढावं लागेल, म्हणजे डायलिसिस. नंबर लागायला तीन-चार दिवस होते. पाय इतके सुजले होते की बोटानं दाबलं तर खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्या खड्ड्याकडे बघता बघता मला बटाट्याची लुळी फोड आठवली.

"आत्या, मीठ पाणी ओढतं," मी म्हणाले. "कोमट पाण्यात चांगलं मूठमूठ मीठ टाकू, त्यात पाय ठेव. आतलं पाणी बाहेर येईल. बटाट्यातलं येताना मी स्वतः पाहिलंय."

"मंग मी काय बटाटा हाय का?"

"तसं नाही गं..."

"आण, टब आण. तुझ्या कॉलेजाचा काईतरी उपेग होऊ दे."

टबात पाय ठेवून आत्या दारात बसली. शेजारच्या मावशी कचरा टाकायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. "काय चाललंय आत्या-भाचीचं? पायाचं लोणचं घालू लागल्या का?"

"हाव," आत्या म्हणाली. "मुरलं की तुमाला बी देते वाटीभर."

बऱ्याच वेळानं पाय बाहेर काढले तर तळव्यांना सुरकुत्या पडलेल्या. मला केवढा आनंद झाला. "बघ, निघालं पाणी!"

आत्यानं तळवा उलटा करून बघितला. "अगं, धुणं धुताना बी अशाच सुरकुत्या पडतात की हाताला. तवा कुठं मीठ असतं?"

मी पायावर बोट दाबलं. खड्डा पडला आणि पूर्वीइतकाच वेळ राहिला. बटाट्याची साल काढून कापतात आणि आत्याच्या पायाला कातडी आहे, हा फरक मला पाणी ओतून टाकताना सुचला. तो बरोबर आहे की आणखी काही कारण आहे, हे मात्र कळलं नाही.

डायलिसिसच्या पहिल्या दिवशी मी बरोबर होते. आत्याच्या मानेत नळी घातली होती. तिचं रक्त एका नळीतून बाहेर येत होतं, उभ्या पारदर्शक नळकांड्यातून जात होतं आणि दुसऱ्या नळीतून परत तिच्यात जात होतं. मशीन चालवणारे दादा अहमदपूरकडचे होते, सगळ्यांना काका-मामा म्हणून बोलायचे. त्यांनी सांगितलं की नळकांड्यात केसासारख्या बारीक पोकळ नळ्या आहेत, आतून रक्त जातं, बाहेरून औषधाचं पाणी जातं. दोघांच्या मधे पातळ पडदा. पडद्याची भोकं इतकी बारीक की रक्ताच्या पेशी पलीकडे जाऊ शकत नाहीत, घाण मात्र जाते. "विसरण," मी हळूच म्हणाले. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. मी मान हलवून काही नाही म्हटलं.

मशीनवरची पहिली खेप लहान, थोड्याच वेळाची ठेवली होती. शेवटी शेवटी आत्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग उलटी झाली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, पहिल्या वेळेला असं होतं म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत तिला ठेवून घेतलं. जाताना मला बजावलं की परवाची खेप चुकवायची नाही, चुकवली तर जिवाला धोका आहे.

घरी आल्यावर आत्या भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मी न्हाई जायची परत."

"असं नको म्हणू. पहिल्या वेळेला होतं, डॉक्टर म्हणाले ना."

"त्याला काय होतं म्हणायला. डोकं मपलं हाय. डोक्यात पाणी भरू लागलं होतं मपल्या. आतून दाबू लागलं होतं."

"भरेल कसं?" मी म्हणाले. "उलट पाणी काढलंय तुझ्यातनं. वजन बघितलं ना, कमी झालं."

"तू व्हतीस का आत?"

मनातून मला माझंच खरं वाटत होतं. मशीननं पाणी काढलं. काढलेलं पाणी भरणार कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाबा आले. बाबा गवंडीकाम करतात. आत्याला ते अक्का म्हणतात. आल्याबरोबर त्यांनी तिच्या पायाशी बसून पाय बघितले, मानेतली नळी बघितली. तेवढ्यात शेजारच्या मावशी शहाळं घेऊन आल्या.

"अक्का, हे घ्या. आजाऱ्याला याच्यासारखं काई न्हाई."

मी मधे पडले. "मावशी, तिला शहाळं चालत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलंय."

"अगं, पाणीच की ते!"

"त्यात पोटॅशियम असतं. किडनी चालू असली की ते बाहेर टाकते. आता ते रक्तातच साठतं आणि हृदयाला त्रास होतो."

मावशी बाबांकडे बघायला लागल्या. बाबा माझ्याकडे. मी किती ठामपणे बोलले याचं मलाच आश्चर्य वाटत होतं, कारण सिस्टरनं सांगितलेलं मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. शेवटी बाबांनी हात पुढं केला. "द्या इकडं. मी पितो. मी बी प्रवासानं आजारीच हाय." मावशी हसल्या आणि गेल्या.

मग बाबांनी मला बाहेरच्या खोलीत समोर बसवलं.

"अक्का म्हणती, मशिनीनं डोक्यात पाणी भरलं. डॉक्टर म्हणतेत, जावंच लागंल. आता तू सांग. तू सायन्सला हायस."

"बाबा, मी पहिल्या वर्षाला आहे."

"मंग पहिल्या वर्षाचं सांग."

मी सांगायला लागले. पडदा असतो, त्याला बारीक भोकं असतात, युरिया जास्त असतो तिथून कमी असतो तिकडे जातो.

"युरिया?" बाबांनी मला थांबवलं. "शेतात टाकतेत त्यो?"

"हो. तोच. आपल्या अंगातही तयार होतो."

"अक्का, ऐकलीस का? तुझ्या अंगात युरिया हाय म्हणं."

"तरीच एवढी फुगले," आत्या आतून म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. "भिंतीतनं ओल येती, ते कळतं मला. पण ओल एकीकडनं येती. ह्या पडद्यातनं दोन्हीकडनं येतं का?"

"दोन्हीकडून येतं. पण एका बाजूनं जास्त येतं."

"मंग शेवटी कुठं जातं?"

पुन्हा तोच प्रश्न. मी पाण्याकडे बघू की मिठाकडे, युरियाकडे बघू की रक्ताकडे, अशी अडखळत बसले. बाबांना राग आला नाही. राग आला असता तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "तिला नसंल जायचं तर मी गावाकडं घेऊन जातो. जबरदस्तीनं कुणाला मशिनीवर झोपवता येत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांचा स्लॅब होता, माणसं सांगून ठेवलेली. दुपारी ते परत निघाले. दारात चपला घालताना म्हणाले, "उद्या फोन कर. न्हाई गेली तर परवा येऊन नेतो."

गावाकडे असलं मशीन नाही. तिकडे नेतो म्हणजे काय, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

बाबा गेल्यावर मी रिक्षा करून एकटीच दवाखान्यात गेले. अहमदपूरचे दादा एका मशीनपाशी उभे होते. मी विचारलं, "दादा, काल माझ्या आत्याचं डोकं का दुखलं? डॉक्टर म्हणाले, होतं. पण का होतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शिकता का?"

"बी.एस्सी. पहिल्या वर्षाला."

"मग तुम्हीच सांगा. आत्याबाईंच्या सगळ्या अंगात घाण साठलेली. रक्तात पण, पेशींत पण. बरोबर? आपण मशीननं रक्तातली घाण झपाट्यानं काढली. मेंदूच्या पेशींतली घाण तेवढ्या झपाट्यानं बाहेर येत नाही. मग तेवढा वेळ जास्त घाण कुठं?"

"पेशींत."

"मग पाणी कुठं जाईल?"

"पेशींत," मी म्हणाले.

यावेळी मला विचार करावा लागला नाही. तोंडातून निघून गेलं. आणि निघाल्यावर मला भीती वाटली. "म्हणजे... तिच्या डोक्यात खरंच पाणी भरलं?"

"पेशी थोड्या फुगतात. म्हणून डोकं दुखतं, मळमळतं. मग आतलं-बाहेरचं सारखं होतं आणि उतरतं. म्हणून तर पहिल्या खेपा आपण लहान ठेवतो, हळू चालवतो. पुढं पुढं त्रास कमी होतो बहुतेकांना."

"बहुतेकांना?"

"बहुतेकांना," ते म्हणाले. पलीकडच्या मशीनचा गजर वाजला आणि ते तिकडे गेले.

परत येताना मी चालत आले. एकाच वेळी अंगातलं पाणी कमी होतं आणि पेशींतलं वाढतं, हे मी मनात मांडत होते आणि मधेच ते निसटत होतं. मशीन पाणी काढतं ते रक्तातून, दाबानं. पेशींत शिरलं ते पाणी वेगळं, तिच्याच अंगातलं, बाहेरून आणलेलं नाही. एवढं कळलं असं वाटायचं आणि पुढच्या चौकात पुन्हा शंका यायची. पण खरी अडचण दुसरीच होती. आत्या म्हणाली होती, डोक्यात पाणी भरलं. मी तिला ठासून सांगितलं होतं, भरेल कसं. आणि आता मला कळलं होतं की तिचंच म्हणणं बरोबर होतं. हे तिला सांगितलं तर ती कशाला जाईल? न सांगता नुसतं 'काही होत नाही, चल' म्हणावं, तर उद्या पुन्हा डोकं दुखल्यावर ती माझ्याकडे बघेल. मग पुढच्या खेपेला मी काय बोलू?

घरी आले तर आत्या तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, नाहीतर मला ते सांगताच आलं नसतं.

आत्याचे हात थांबले. "म्हंजे भरलं व्हतं."

"हो. थोडं. पेशींत."

"अन् तू म्हणलीस भरंल कसं."

"मला माहीत नव्हतं."

"पेशी म्हंजे काय?"

"म्हणजे... अंग सगळं बारीक बारीक कप्प्यांचं असतं. दिसत नाहीत डोळ्यांना. प्रत्येकाला पातळ पडदा असतो. जिथं घाण जास्त तिकडे पाणी ओढलं जातं."

"म्हंजे घाण बी मपल्या आत, पाणी बी मपल्या आत, पडदे बी मपलेच." ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "अन् उद्या अजून भरंल?"

"भरेल कदाचित. कमी भरेल म्हणाले. बहुतेकांना कमी होतं."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे सगळ्यांना नाही. तुझं मला सांगता येत नाही, आत्या. मला अर्धंच कळलंय."

"अर्धं कळलेलं सांगायला कशाला आलीस खामखा?" ती चिडून म्हणाली. "आधी धड सगळं कळू द्यायचं, मंग सांगायचं."

मला रडू यायला लागलं. ते तिला दिसू नये म्हणून मी तांदळाचं ताट उचलून आत गेले. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो नाही. जेवताना तिनं मला अंगणवाडीतल्या एका पोराची गोष्ट सांगितली, तो रोज दोनदा खिचडी मागतो आणि दुसऱ्यांदा मागताना नाव बदलून सांगतो. ती हसली. मीही हसले. उद्याचं काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

सकाळी उठले तर आत्या वेणी घालून तयार बसलेली. म्हणाली, "काय बघू लागलीस? जा, रिक्षा बघ."

ती का तयार झाली हे मी तिला कधी विचारलं नाही. कधी वाटतं, मी खरं सांगितलं म्हणून. पण तेव्हा तर ती चिडली होती. कधी वाटतं, बाबा गावाकडे नेतो म्हणाले होते आणि तिला अंगणवाडी सोडून जायचं नव्हतं. कदाचित पायांची सूज थोडी उतरलेली तिला सकाळी दिसली असेल. यातलं कुठलंही खरं असू शकतं, किंवा एकही नाही.

दवाखान्यात तिला खाटेवर झोपवल्यावर तिनं अहमदपूरच्या दादांना विचारलं, "डोक्यात पाणी भरू लागलं तर तुमाला आधी सांगायचं का मंग?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. "आधी सांगा," ते म्हणाले. "लगेच हळू करतो."

मशीन सुरू झालं. आत्या डोळे मिटून पडली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, कपाळावर आठी पडते का ते. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "दुखतंय का?"

"थांब. बघू दे." ती डोळे न उघडता स्वतःच्या डोक्यात काहीतरी शोधत असल्यासारखी पडून राहिली. "हाय थोडं. म्हंजे हाय का न्हाई, तेच कळंना."

"दादांना सांगू?"

"तू बोलू नको आता. मला ध्यान देऊ दे."

मग तिनं स्वतःच हात वर केला आणि दादांनी येऊन काहीतरी कमी केलं. उलटी झाली नाही. खेप संपल्यावर ती खाटेवर बसून राहिली, डोक्याला पदर घट्ट बांधून, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघत होती.

बाहेर आल्यावर मी बाबांना फोन लावला. मागं स्लॅबच्या मिक्सरचा आवाज येत होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

"गेली का?"

"गेली. झालं आत्ताच."

"डोकं?"

"थोडं दुखलं. त्या दिवशीसारखं नाही."

"म्हंजे कशानं दुखत व्हतं ते कळलं का तुला?"

"हो. म्हणजे... थोडं कळलंय बाबा. मला नीट सांगता यायचं नाही."

"बरं. अक्काला दे."

मी फोन आत्याला दिला. तिनं तो कानापासून लांब धरला, कारण बाबा अजूनही ओरडत होते.

"हाव रे, बसले मशिनीवर. न्हाई, न्हाई, मेले बिले न्हाई. तू मपली फिकीर करू नको, तुझा स्लॅब बघ." मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नेऊ फिऊ नको मला कुठं. परवा परत हाय."